उल्का पाहणाराची साक्ष

२० सप्टेंबर २०२५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर दिल्ली व तिच्या परिसरातील अनेकांनी आकाशातून एक झगझगीत प्रकाशरेषा सरकताना पाहिली. कोणी तिला उल्का म्हटले, तर कोणी निकामी यंत्राचे अवशेष. अशा वेळी चित्रे पुष्कळ निघतात. परंतु वेळ, दिशा आणि कालावधी टिपून ठेवणारे थोडे. वस्तुतः निर्णय होतो तो याच गोष्टींवरून.

नैसर्गिक उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही सेकंदांतच विझते. कक्षेतून ढळलेले अवशेष सुमारे ८ किलोमीटर वेगाने, तिरकस व संथ उतरतात आणि कधी मिनिटभरही दिसत राहतात. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात दिसलेल्या प्रकाशरेषांना अनेकांनी उल्कावर्षाव मानले. पण चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे सापडले आणि ते अग्निबाणाचे अवशेष असल्याचे दिसून आले. मनातल्या मनात सेकंद मोजणाऱ्यास ही शंका त्याच क्षणी आली असती.

याउलट, २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात भरदुपारी गडगडाट होऊन खरे अशनी पडले. पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारे ब्रिजमनाइट हे खनिज त्यांत आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. असे दगड हाती न आले तर केवढे ज्ञान हरपते!

म्हणून फरीदाबादच्या गच्चीवरून तेजस्वी उल्का पाहणाऱ्याने प्रथम घड्याळ पाहावे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. तिने क्षितिजापासूनची उंची मोजावी. ध्वनी मागाहून येतो, यास्तव काही मिनिटे कान देऊन थांबावे. अशीच नोंद आग्र्याहून मिळाली, तर दोन्हींवरून उल्केचा मार्ग व अवशेष पडण्याचे संभाव्य क्षेत्र गणिताने काढता येते. दगड सापडल्यास तो न धुता, न फोडता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेस कळवावे. भारतात पडलेल्या अशनींचे जतन तिच्याकडे असून फरीदाबादेतही तिचे कार्यालय आहे.

तारा तुटला म्हणून भयभीत होण्याचे दिवस मागे पडले आहेत. परंतु केवळ आश्चर्य करणे म्हणजेही विज्ञानदृष्टी नव्हे. उल्का पूर्वसूचना देऊन येत नाही. तेव्हा वेधशाळा नसेल तेथे सामान्य नागरिकाची प्रामाणिक नोंद हीच वेधशाळा होय. ही सवय शाळेतच लागली पाहिजे.