खाते कोणाचे, हात कोणाचा?

रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की नगर रोडवर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. आमचा भाचा त्यातल्याच एका बसने संध्याकाळी घरी येतो, हातपाय धुतो आणि मामीकडे चहा मागतो. गेल्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी तो आला, पण चहा मागितला नाही. बूटही न काढता ओट्यावर बसून राहिला. आम्ही जवळ जाऊन विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मामू, माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

भाचा एका कारखान्यात स्टोअरला आहे. कोणता माल आला, कोणता गेला, याची नोंद काउंटरवरच्या संगणकात करायची, हे त्याचे काम. शुक्रवारी दुपारी 1 वाजून 31 मिनिटांनी तांब्याच्या तारेची काही बंडले बाहेर दिल्याची नोंद झाली होती. तीच बंडले सकाळीही एकदा दिलेली दिसत होती. हिशेबात माल दोनदा गेला होता आणि दोन्ही नोंदी भाच्याच्या नावावर होत्या. साहेबांनी बोलावून विचारले, "नाव तुझे, पासवर्ड तुझा, मग नोंद दुसऱ्या कोणाची असणार?"

"आणि त्या वेळी तू कुठे होतास?" आम्ही विचारले.

"जुम्म्याला गेलो होतो, मामू. पण ऐकतो कोण? संगणक खोटं बोलत नाही म्हणतात."

जरा वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. स्टोअरमध्ये चौघे जण होते आणि खाते एकच, भाच्याच्या नावाचे. संगणकाचे ट्रेनिंग त्यानेच घेतले होते. बाकीच्यांची अडचण नको म्हणून त्याने आपला पासवर्ड कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. चौघांपैकी एकावर त्याचा संशय होता. त्याचे नाव घेऊन तो म्हणाला, "उद्या त्याला धरतोच." आम्ही त्याला थांबवले. डोळ्यांनी पाहिलेले नाही, हातात पुरावा नाही, आणि एखाद्याचे नाव चारचौघांत घ्यायचे, ही बदगुमानी आहे. उद्या तो निर्दोष निघाला तर ते शब्द परत कसे घेणार?

आमची लेक पुण्यात संगणकाचेच काम करते. तिला फोन लावला. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "दादा, कोणी केलं ते राहू दे. आधी एवढंच विचार की त्या वेळी तुझं खातं कुठल्या संगणकावरून उघडलं होतं, किती वाजता उघडलं आणि किती वाजता बंद झालं. सर्व्हरवर हे लिहिलेलं असतं. ते काढून मागायचा तुला हक्क आहे."

असे काही लिहिलेले असते, हे आम्हालाही नवीनच होते. मग लेकीने समजावून सांगितले, ते वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

एके काळी संगणक खोलीएवढा असे आणि त्याची किंमत मोठमोठ्या संस्थांनाच परवडे. एका वेळी एकाच माणसाने तो अडवून बसणे परवडणारे नव्हते. मकतबात उस्ताद एक आणि मुले वीस असतात. उस्ताद एकाचा सबक ऐकतात, तोवर बाकीची मुले आपापला पाठ घोकतात आणि प्रत्येकाला आपली पाळी मिळते. तसेच या मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडून प्रत्येकाला क्षणाक्षणाचा वेळ वाटून द्यायची युक्ती निघाली. पाळी इतक्या झटपट फिरे की प्रत्येकाला वाटे, संगणक आपल्या एकट्याचाच आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये हे करून दाखवले.

पण यंत्र सामायिक झाले की हिशेब आला. कोणाच्या फायली कोणत्या, कोणी किती वेळ वापरला, हे यंत्राला कळायला हवे. म्हणून प्रत्येकाला खाते आले, पासवर्ड आला आणि आल्या-गेल्याची नोंद आली. पासवर्ड पळवापळवीही तेव्हापासूनचीच. त्याच एमआयटीत 1962 मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम केले. नाव दुसऱ्याचे आणि हात त्याचा.

आपल्याकडेही असे संगणक होते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात डेक-10 हा वेळ वाटून देणारा संगणक होता. त्या जातीच्या यंत्रावर माणसाची ओळख म्हणजे आकड्यांची जोडी असे, एक आकडा प्रकल्पाचा आणि एक माणसाचा. 'सिस्टॅट' असा हुकूम टाइप केला की आत्ता कोण कोण बसले आहे, कोणत्या टर्मिनलवर, काय चालवत आहे, याची यादी समोर येई. पुढे युनिक्स आले. त्यावर 'हू' म्हटले की आत्ता कोण आहे ते दिसते आणि 'लास्ट' म्हटले की कोण कधी आला आणि कधी गेला ते दिसते. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 ला सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणारे स्वस्त 'शेल' खातेही याच घराण्यातले, चित्रे नसलेले, नुसत्या अक्षरांचे.

यातला सर्वांत गमतीचा हुकूम 'फिंगर', म्हणजे बोट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला डेकच्याच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्या लेस अर्नेस्ट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहिला. लोक यादीवरून बोट फिरवत आपल्या माणसाचे नाव शोधत. ते पाहून त्यांनी ही सोय केली. नाव टाइप करताच त्या माणसाचे पूर्ण नाव आणि तो शेवटचा कधी आला होता हे दिसे. 'मी गुरुवारपर्यंत बाहेरगावी आहे' अशी चिठ्ठी ठेवायचीही सोय होती. हेतू चांगला होता, सोबत्याला सोबती सापडावा इतकाच.

पण जे सोबत्याला दिसते ते परक्यालाही दिसते. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर पहिला मोठा किडा पसरला, तो ज्या वाटांनी शिरला त्यांतली एक वाट फिंगरचीच होती. त्या प्रोग्राममध्ये एक चूक राहून गेली होती. घरात कोण आहे, कोण नाही, हे दारावर लिहून ठेवण्यात शहाणपण नाही, हे पुढे सगळ्यांना पटले आणि बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांसाठी फिंगर बंद झाले.

हीच नोंद राखणीलाही येते. 1986 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या वापराच्या हिशेबात 75 सेंटचा फरक सापडला. एवढ्याशा रकमेवर दुसऱ्या कोणी पाणी सोडले असते. त्याने आल्या-गेल्याच्या नोंदी महिनोन् महिने ताडून पाहिल्या, तेव्हा पश्चिम जर्मनीतून चोरून शिरणारा माणूस सापडला.

मंगळवारी भाच्याने साहेबांकडे अदबीने अर्ज दिला. नोंद निघाली. त्याचे खाते काउंटरच्या संगणकावर सकाळी 8 वाजून 42 मिनिटांपासून उघडे होते. तेच खाते डिस्पॅचच्या संगणकावरही 1 वाजून 26 ते 1 वाजून 38 पर्यंत उघडले गेले होते आणि वादातली नोंद तिथूनच झाली होती. गेटवरच्या पंचिंगमध्ये भाचा 1 वाजून 8 मिनिटांनी बाहेर पडला आणि 1 वाजून 57 मिनिटांनी परत आला. लेकीने एक गोष्ट आवर्जून तपासायला सांगितली होती, ती म्हणजे दोन्ही घड्याळे जुळतात का. त्यांत चार मिनिटांचा फरक निघाला, पण तो धरूनही भाचा बाहेरच ठरत होता.

मग डिस्पॅचला चौकशी झाली. ज्याच्यावर भाच्याचा संशय होता तो त्या दिवशी रजेवर होता. नोंद दुसऱ्यानेच केली होती. त्याने स्वतःच सांगितले की गाडी खोळंबली होती, सकाळची नोंद झालेली त्याला दिसली नाही, घाईत पुन्हा केली. बंडले मोजली, ती जागेवर होती. कोणी चोरलेले काहीच नव्हते.

आळ गेला. पण पासवर्ड दुसऱ्यांना दिल्याबद्दल भाच्याला लेखी मेमो मिळाला आणि तो योग्यच होता, हे त्यालाही मान्य आहे. नोंद खात्याची गवाही देते, माणसाची नाही. पासवर्ड वाटला की ती गवाही आपल्याच विरुद्ध उभी राहते. गेटवर पंचिंग नसते आणि डिस्पॅचचा संगणक वेगळा नसता, तर भाच्याने काय दाखवले असते?

हे कारखान्यापुरतेच नाही. आपल्या खिशातल्या फोनमध्ये हेच दप्तर आहे. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडले की आपले खाते आणखी कुठे जोडलेले आहे ते दिसते. गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये आपल्या सर्व उपकरणांची यादी दिसते. अनोळखी उपकरण दिसले तर ते तिथूनच काढून टाकता येते, मग पासवर्ड बदलावा. फॉर्म भरायला सायबर कॅफेत किंवा दुकानात गेल्यावर तिथले खाते उघडेच राहिले असेल, तर तेही या यादीत सापडते. घरातल्या अम्मी-अब्बांच्या फोनवर मुलांनी महिन्यातून एकदा हे त्यांच्यासमोर, त्यांना विचारून पाहून द्यावे.

आणि एक गोष्ट. व्हॉट्सॲपचे 'लास्ट सीन' हे त्या जुन्या फिंगरचेच नातवंड. सून रात्री एक वाजता ऑनलाइन होती, जावई फोन उचलत नाही पण लास्ट सीन दिसतो, यावरून किती घरांत कुरबुरी होतात, हे आम्ही पाहिले आहे. फोन बाळाला झोपवताना हातात असेल, नाहीतर शिफ्टची बस विचारायला उघडला असेल. दुसऱ्याच्या घरात शिरताना सलाम करून परवानगी मागायला आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. ही यादीही दारासारखीच आहे. आपल्या दाराची कडी रोज तपासावी, दुसऱ्याच्या दाराच्या फटीतून पाहू नये. आपले लास्ट सीन लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि कोणी लपवले म्हणून त्याच्यावर संशयही घेऊ नये.

आता स्टोअरमध्ये चौघांची चार खाती झाली आहेत. ड्रॉवरमधला कागद भाच्याने स्वतःच्या हाताने फाडला. ज्याच्यावर संशय घेतला होता त्याला यातले काही ठाऊक नाही. तरी ईदला भाचा शिरखुर्म्याचा डबा घेऊन आधी त्याच्याच खोलीवर गेला. पाणी प्यायला उठतानाही तो खाते बंद करून उठतो. सोबती हसतात. तो म्हणतो, "हसा, पण तुम्हीही करा."