गिअर कडक करण्याआधी

‘गिअर सरकत सरकत पडतो हो, जरा टक्कन पडेल असं करून द्या.’ ऑटोमॅटिक गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचे हे वाक्य आता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे झाले आहे. मागणी वाजवी आहे आणि ती पुरी करण्याची विद्याही जुनी आहे. ती अर्धवट वापरली, तर मात्र चांगला गिअरबॉक्स काही महिन्यांत टेबलावर येतो. म्हणून या वेळचे पान याच कामाला दिले आहे.

गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो आणि दुसरा धरत असतो. मधल्या अर्ध्या सेकंदाच्या आसपासच्या वेळात प्लेटा एकमेकींवर घासतात. टॉर्क, घसरण्याचा वेग आणि वेळ यांच्या गुणाकारातून प्लेटांच्या वाट्याला उष्णता येते. मागच्या सीटवरच्या माणसाला धक्का जाणवू नये, म्हणून कारखाना हा वेळ मुद्दाम लांबवतो. तो बेताने कमी केला, तर गिअर घट्ट पडतो आणि प्लेटाही कमी तापतात. कडक शिफ्टने बॉक्स खराब होतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

ही विद्या अमेरिकेत घडली. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक 1940 च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत आला. पुढे ड्रॅग रेसवाल्यांनी तोच बॉक्स शर्यतीला जुंपला. बॉब स्पार आणि मॉर्ट शुमन यांची बी अँड एम कंपनी याच कामातून उभी राहिली. ट्रान्सगोच्या गिल यंगर यांनी स्प्रिंगा, चेक बॉल आणि सेपरेटर प्लेट एका पाकिटात घालून ‘शिफ्ट किट’ घरोघरच्या गॅरेजात पोहोचवले.

यातले मर्म समजून घ्यायला जनरल मोटर्सच्याच, 1982 साली आलेल्या 700आर4 सारखा गुरू नाही. त्याचा पहिला गिअर 3.06 आणि दुसरा 1.63. म्हणजे 4000 आरपीएमवर दुसरा पडला, तर इंजिनला जवळपास 2130 वर खाली यावे लागते. ही सगळी उडी एका बँडने झेलायची असते. जुन्या कारागिरांनी तिथे कॉर्व्हेटचा सर्व्हो बसवला. त्याच्या दुसऱ्या गिअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून तेलाचा दाब तोच असूनही बँड जास्त जोराने आवळला जातो. पंपावर ताण नाही, बाकीच्या गिअरांना झळ नाही. नेमक्या जागी नेमका उपाय म्हणतात तो हा. याच बॉक्समध्ये थ्रॉटलला जोडलेली टीव्ही केबल लाइन प्रेशर ठरवते. ती थोडी ढिली राहिली, तर तिसऱ्या-चौथ्याचा क्लच थोडक्या अंतरातच जळतो, मग आत किट कितीही भारी असो.

आता ड्रिल. सेपरेटर प्लेटचे भोक मोठे केले की क्लच लवकर भरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. दोन मिलिमीटरचे भोक अडीचचे केले, तर वाट निम्म्याहून अधिक रुंद होते, 2.8 चे केले, तर जवळजवळ दुप्पट. हातातल्या ड्रिलला अर्धा मिलिमीटर काहीच वाटत नाही, क्लचला ते सगळे कळते. शिवाय मोठे झालेले भोक परत लहान होत नाही. मूळ प्लेट जपून ठेवा, दुसरीवर काम करा आणि पायरीपायरीने वाढवा.

अॅक्युम्युलेटर पूर्ण बंद करण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. तो स्प्रिंगवरचा पिस्टन धक्क्याची पहिली धार गिळतो. त्याला ठोकून बसवले की गिऱ्हाईक खूश होते, पण तो धक्का प्लेटांना टाळून पुढच्या लोखंडात जातो. 4एल60ई मध्ये सन शेलचे दाते झिजून उडतात. मग दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदमच जातात. गाडीला बसलेला गचका आणि क्लचची पकड या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाइकाला तो फरक सांगणे हे आपले काम आहे.

आपल्याकडे येणाऱ्या सहा गिअरांच्या टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही. तिथे दाब संगणक ठरवतो. क्लच भरायला किती वेळ लागला हे तो मोजतो, स्वतःला जुळवून घेतो आणि गिअर पडताना इंजिनचा टॉर्क क्षणभर कमी करायला लावतो. बऱ्याच बॉक्समध्ये प्रेशर सोलेनॉइडचा करंट कमी झाला की दाब वाढतो. याचा फायदा घेऊन वायरीत रेझिस्टर घालणारे लोक आहेत. त्याने संगणकाला कळतो एक दाब आणि क्लचला मिळतो दुसरा. कृपा करून हे करू नका. एएमटीच्या झटक्याचा तर इथे संबंधच नाही, आणि सीव्हीटीत दाब वाढवला तर पट्टाच जास्त आवळला जातो.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. गिअर सरकत पडतो, ही बहुतेक वेळा मागणी नसून तक्रार असते. अलीकडे एका मित्राच्या गॅरेजात किट मागायला आलेल्या गाडीचा पॅन माझ्यासमोर उतरवला. चुंबकावर बोटाला लागेल अशी नुसती मऊ राखाडी लई असती, तर काळजी नव्हती. पण त्या लईत चकचकीत बारीक कण होते आणि तेलाला करपलेला वास होता. त्या बॉक्सला किटची नाही, दुरुस्तीची गरज होती. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्ह बॉडीतले बोअर झिजले की दाब आतल्या आत गळतो. व्हॅक्यूम टेस्टने ते अर्ध्या तासात कळते, आणि सोनॅक्ससारख्या कंपन्यांच्या दुरुस्ती स्लीव्ह त्याच कामासाठी असतात.

तेलाचेही तसेच. फ्रिक्शन मॉडिफायर नसलेले टाइप एफ तेल घालून शिफ्ट कडक करण्याची जुनी युक्ती लॉकअप क्लच बेताने घसरवणाऱ्या आजच्या बॉक्समध्ये थरथर आणते. ‘आयुष्यभराचे तेल’ या शब्दावरही विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः आपल्या बॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षे यात तेल बदलायला सांगते. योग्य तेल, सांगितलेल्या तापमानाला तपासलेली पातळी आणि त्यानंतर स्कॅनरने अॅडाप्टेशन रीसेट करून नीट रोड टेस्ट, एवढ्यावरच कित्येक ‘सरकणारे’ बॉक्स ताळ्यावर येतात.

या महिन्यापासून एक करा. गॅरेजात 300 पीएसआयचा प्रेशर गेज ठेवा. ज्या बॉक्सला प्रेशर टॅप आहे, त्यावर काम सुरू करण्याआधी आयडलला, ड्राइव्हमध्ये आणि रिव्हर्सला दाब घ्या, काम झाल्यावर पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे जॉब कार्डवर लिहा. वर्षभराची कार्डे साठली की आमच्याकडे पाठवा. गाडी, बॉक्स आणि आकडे यांचा तक्ता आम्ही याच मासिकात छापू.