पंकचे काका? मला नाही पटत!

पंक रॉकवर कुणी लिहायला बसलं, की डॉ. फीलगुडचं नाव पहिल्या दोन ओळींत उरकून टाकतात. 'यांनी वाट करून दिली' म्हणायचं आणि थेट सेक्स पिस्टल्सकडे वळायचं. मला हा हिशोब मान्य नाही. (संगीतात रस नसलेल्या नातेवाईकांनी इथेच रजा घेतली तरी राग नाही :-))

हा बँड १९७१ साली कॅन्वे बेटावर जमला. लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या मुखाशी, समुद्राच्या भरतीपेक्षा सखल असलेली ही जमीन. १९५३च्या पुरात इथे पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे बांध, तेलाच्या टाक्या, चिमण्या. विल्को जॉन्सन इथलाच. इंग्रजी साहित्य शिकून तो खुष्कीच्या मार्गाने भारतात फिरून गेला, परत जाऊन शाळेत शिक्षक झाला आणि मग गिटारकडे वळला.

त्या काळी रॉकवाले स्टेडियमं भरवत होते आणि एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. हे चौघे लंडनच्या पबांत मागच्या खोलीत उभे राहायचे, प्रेक्षकांपासून हातभर अंतरावर. ली ब्रिलोचा मळका पांढरा कोट आणि माऊथ ऑर्गन; विल्को डोळे वटारून, गिटार बंदुकीसारखी रोखून स्टेजभर धावणार. पिक न वापरता, नुसत्या बोटांनी तो ताल आणि सुरावट एकदमच वाजवायचा. दुसरा गिटारवाला लागायचाच नाही! ही युक्ती त्याने पायरेट्सच्या मिक ग्रीनकडून उचलली होती, आणि तसं तो मोकळेपणाने सांगायचाही.

१९७५चा पहिला अल्बम 'डाउन बाय द जेटी' त्यांनी चक्क मोनोमध्ये काढला. स्टिरिओच्या जमान्यात! हट्टच म्हणायचा, पण ऐकताना पटतो. १९७६च्या ऑक्टोबरात 'स्टुपिडिटी' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तो लाइव्ह अल्बम होता, आणि तोवर त्यांचं एकही सिंगल गाजलेलं नव्हतं. म्हणजे लोकांनी विकत घेतली ती पबातली ती रात्र.

आता सांगा, ही काय कुणाची प्रस्तावना झाली? त्याच वर्षी ब्रिलोने दिलेल्या चारशे पौंडांच्या उसनवारीवर स्टिफ रेकॉर्ड्स उभी राहिली, क्लॅशच्या जो स्ट्रमरने विल्कोला पाहून टेलिकास्टर घेतली, हे सगळं खरं. पण पुढच्यांना काय मिळालं यावरून मागच्यांची किंमत का ठरवायची? किशोरच्या गाण्याची थोरवी आपण त्याच्या नकलाकारांवरून मोजतो का?

१९७७मध्ये गाण्यांच्या निवडीवरून भांडण होऊन विल्को बाहेर पडला. गंमत म्हणजे बँडचं सगळ्यात गाजलेलं सिंगल 'मिल्क अँड अल्कोहोल' १९७९चं, म्हणजे त्याच्याशिवायचं. तरी मला विचाराल तर मजा पहिल्या चौघांचीच. ब्रिलो १९९४मध्ये कॅन्सरने गेला. विल्कोला २०१३मध्ये डॉक्टरांनी काही महिने दिले होते. त्याने केमो नाकारली आणि गिटार घेऊन दौऱ्यावर निघाला. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियेत तीन किलोची गाठ निघाली, आणि गडी २०२२पर्यंत जगला.

असो. 'स्टुपिडिटी' मिळाला तर जरूर ऐका, आवाज मोठा ठेवून. शेजाऱ्यांचं नंतर बघू.