गाठीपाशी थांबलेला मुख्यमंत्री

अकोल्याच्या कापूसबाजारात वसंतराव नाईकांचे नाव काढा, लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘नाईकसाहेबानं कास्तकाराले भाव देल्ला.’ दुसरा म्हणतो, ‘भाव देल्ला, पण गाव बुडवलं.’ हे दोन पक्ष पुष्कळदा एकाच घरात नांदतात. थोरल्याने वावर केले, धाकटा मिलमध्ये किंवा जिनात लागला. थोरल्याला नाईक देवासारखे, धाकट्याच्या लेखी तेच भोंगा बंद पडण्याचे कारण. जाऊन चार दशके उलटली तरी ज्याच्यावरून भावाभावांत वाद होतो असा दुसरा पुढारी वऱ्हाडात मला तरी दिसत नाही. वादाचे मूळ एकच आहे : कापूस एकाधिकार खरेदी योजना. आणि माझे म्हणणे असे की दोन्ही भाऊ चुकीच्या कलमाखाली खटला चालवत आहेत.

आधी व्यापाऱ्यांचा पक्ष पुरता ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला कापूस विकत घेण्याचा हक्क एकट्या सरकारकडे गेला. अडत्या, दलाल, खरेदीदार, त्यांचे मुनीम, सगळे एका कायद्यासरशी बाजूला झाले. जिनवाल्याची इमारत त्याचीच राहिली, माल मात्र सरकारचा झाला. ठरलेल्या दराने सरकी काढायची, रुई दाबायची, गाठ बांधून द्यायची. रुई चांगली निघाली म्हणून त्याच्या खिशात फारसे जास्त पडत नव्हते, मग नवी यंत्रे कशाला आणायची? अकोला, खामगाव, मूर्तिजापूर, दर्यापूर, धामणगाव ही गावे ज्या उलाढालीवर उभी होती ती उलाढालच सरकारी कचेरीत गेली. ‘नाईकांनी जिन बुडवले’ या वाक्यामागे एवढा ऐवज आहे.

पण तर्क पुढे चालवला की अडखळतो. जिन जुनाट राहिले ते एकाधिकारामुळे, असे असेल तर जिथे एकाधिकार नव्हता त्या गुजरात-आंध्रात ते चकचकीत असायला हवे होते. तसे नव्हते. म्हणून तर २००० साली केंद्राला साऱ्या देशासाठी कापूस तंत्रज्ञान अभियान काढावे लागले आणि जिन सुधारायला अनुदान द्यावे लागले. अनुदानावर नवे जिन उभे राहिले ते हमरस्त्यांच्या कडेला. गावातल्या जुन्या जिनांच्या आवारांत प्लॉट पडले, मंगल कार्यालये झाली, कॉम्प्लेक्स उठले. जमिनीचा भाव रुईच्या भावापुढे गेल्यावर मालकाने काय निवडले, याचा दोष मुख्यमंत्र्याच्या माथी मारणे सोयीचे आहे, खरे नाही.

आणि ज्या ‘मोकळ्या बाजारा’साठी गळा काढला जातो, तो वऱ्हाडात होता कधी? देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार कारंजाला १८८६ साली सुरू झाला, आणि १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा हा या देशातला अशा प्रकारचा पहिला. तो कुणाच्या कळवळ्यापोटी? मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात मिळावा म्हणून. अमेरिकेतल्या १८६१ ते ६५ च्या यादवीने तिकडचा कापूस आटला आणि इंग्रजाला वऱ्हाडची काळी जमीन दिसली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला रेल्वेचे फाटे गेले, पुढे मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळपर्यंत किलिक-निक्सनची छोटी गाडी धावू लागली, ती काही वऱ्हाडी माणसाला सासुरवाडीला पोचवायला नव्हे. गाठी बाहेर नेण्यासाठीच ही सारी मांडणी होती. नियम होतेच, ते कुणासाठी, एवढाच प्रश्न होता. नाईकांनी ते पहिल्यांदा पिकवणाऱ्यासाठी केले. हे कबूल न करता एकाधिकारावर बोलणारा माणूस वाद घालत नाही, जुनी अडत मागतो.

मिलची गोष्ट याहून साधी आहे. अकोल्याची सावतराम आणि मोहता, अचलपूरची विदर्भ मिल या एकाधिकाराने आजारी पडल्या म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. आजारी गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्राने ताब्यात घेतले ते १९७२ साली, आणि राष्ट्रीयीकरण झाले १९७४ साली. म्हणजे योजनेचा पहिला हंगाम सुरू होत होता तेव्हाच या गिरण्या खाटेवर होत्या. जुने माग, मालकांनी नफा काढून घेऊन यंत्रांत परत न घातलेला पैसा आणि वर पॉवरलूमशी स्पर्धा, ही कारणे मुंबईपासून कानपूरपर्यंत एकच. उलट राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या छत्राखाली यांतले काही भोंगे आणखी काही वर्षे वाजत राहिले. उरलीसुरली शंका असेल तर अचलपूरला जावे. एकाधिकार मोडल्यावर तिथे फिनले मिल नव्या यंत्रांनिशी उभी राहिली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. तिथल्या कामगाराला विचारा, तुझी मिल वसंतराव नाईकांनी बंद केली का? तो हसेल. मग त्याच्या बापाची मिल तरी त्यांनीच बंद केली हे कशावरून?

इंग्लंडातल्या कोळसाखाणींच्या गावांत मार्गारेट थॅचर यांचे नाव आजही थुंकून घेतले जाते. २०१३ साली त्या गेल्या तेव्हा यॉर्कशायरमधल्या गोल्डथॉर्प गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. बाईंनी सरकार काढून घेतले म्हणून तिथे शिव्या. नाईकांनी सरकार आणून बसवले म्हणून इथे शिव्या. दोन टोकांच्या धोरणांवर तोच राग निघत असेल, तर तो राग धोरणापेक्षा गावाच्या पडझडीचा आहे, आणि पडझडीला एक चेहरा लागतो म्हणून तो चिकटवला आहे, हे ओळखायला हवे. अर्थात थॅचरबाईंची सही खाणबंदीच्या धोरणावर होती. नाईकांची सही कुठल्याही मिलच्या कुलपावर नाही.

आता भक्तांकडे वळू. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, राज्यभर कृषिदिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत एकाधिकार म्हणजे सुवर्णयुग. गेले ते दिवस, म्हणून शेतकरी फाशी घेऊ लागला, असाही सूर लागतो. हेही तपासून घेऊ या.

संकलन केंद्रावर काय चाले ते आठवा. गाड्यांची रांग गेटाबाहेर रस्त्यापर्यंत, बैल सोडलेले, माणूस दोन-दोन रात्री गाडीखाली झोपलेला. ग्रेडर येतो, गाडीच्या पोटात हात घालून मूठभर कापूस ओढतो, दोन अंगठ्यांत धरून तार ताणतो, कवडी दिसते का पाहतो आणि एक शब्द उच्चारतो. त्या शब्दावर वर्षाचा हिशेब. वरचा ग्रेड मिळेल की खालचा, हे कापसावर किती आणि चहापाण्यावर किती अवलंबून होते, ते सांगायला संशोधन नको. मग माप, मग पावती, मग चुकाऱ्याची वाट. चुकारा यायचा तो सोसायटीचे पीककर्ज कापून. म्हणून कर्जदार आपला कापूस दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर घालू लागला. बाहेर भाव चढला की वरूडकडचा कापूस रात्रीतून पांढुर्ण्याला आणि मेळघाटच्या कडेने बऱ्हाणपूरकडे. बाहेर पडला की तिकडचाच इकडे, सरकारच्या गळ्यात. स्वतःच्या वावरातला कापूस राज्याची सीमा ओलांडून विकला तर शेतकरी चोर ठरे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकात या बंदीवर बोट ठेवले ते उगाच नव्हे. १९८६ साली हिंगोलीजवळ सुरेगावला कापूस आंदोलनावर गोळी चालली, शेतकरी मेले. सुवर्णयुगात असे घडत नाही.

यातले बरेचसे नाईकांनंतरचे आहे, हे खरे. ते १९७५ च्या फेब्रुवारीत पायउतार झाले. नंतरच्या सरकारांनी निवडणुकीकडे डोळा ठेवून हमीभावावर आगाऊ रकमा जाहीर केल्या, योजना चालवणाऱ्या कापूस पणन महासंघाचा तोटा हजारो कोटींच्या घरात नेला आणि २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्याला दार उघडून दिले. त्याच वर्षी बीटी बियाणे कायदेशीर झाले. तेव्हापासूनच्या प्रत्येक दुःखाला ‘एकाधिकार गेला म्हणून’ हे उत्तर तयार असते. पण अमरावती-यवतमाळच्या आत्महत्यांच्या बातम्या नव्वदीच्या शेवटी येऊ लागल्या होत्या, एकाधिकार कागदावर जिवंत असताना आणि चुकारे थकलेले असताना. त्या काळात केंद्राने कापसावरचे आयातशुल्क अगदी खाली आणून ठेवले होते. मुंबईच्या कुठल्याही मुख्यमंत्र्याच्या कायद्याने परदेशी कापसाचा तो लोंढा अडला नसता.

नाईकांनी विदर्भाला डावलले, या विदर्भवाद्यांच्या आरोपाला फार जागा देत नाही, कारण त्यातले तथ्य वादापलीकडचे आहे. अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्रिपद वऱ्हाडच्या माणसाकडे होते, आणि १९८४ साली दांडेकर समितीने मोजलेल्या ३,१८६ कोटींच्या अनुशेषात सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा निघाला. कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये आधी राहुरीला मिळाले. अकोल्याला ते १९६९ मध्ये मिळाले, पण त्याआधी त्याच मागणीपायी १९६७ च्या ऑगस्टमध्ये इथल्या रस्त्यांवर माणसे मेली होती, आणि गोळी नाईकांच्याच सरकारची होती. याची सफाई देता येत नाही, देऊही नये.

मग मंडन कशाचे करायचे? एकाधिकाराच्या पोटातल्या एका कल्पनेचे, जी भक्तांनी ओळखली नाही आणि विरोधकांनी पाहिली नाही. मंत्रिमंडळातल्या यशवंतराव मोहित्यांचे नाव या योजनेशी जोडले जाते ते रास्तच. पण ती राबवायची जोखीम नाईकांची. पूर्वी शेतकरी गाडीवरचा कापूस विकून मोकळा होई, पुढच्या नफ्याशी त्याचा संबंध नसे. या योजनेत पहिला हप्ता हाती पडल्यावरही व्यवहार संपत नव्हता. सरकार रुई आणि सरकी विकणार, खर्च वजा करणार, आणि उरेल त्यात शेतकऱ्याचा वाटा. म्हणजे मालकी गाडीवरून उठून प्रेसच्या गाठीपर्यंत गेली. वऱ्हाडच्या इतिहासात एवढी लांब ती कधीच गेली नव्हती.

पण गाठीपाशी ती थांबली. माझा आरोपही तोच. इंग्रजाने वऱ्हाडला गाठ बांधून पाठवण्याचा धंदा लावून दिला होता. १९७२ साली राज्यातल्या एकूण एक बोंडावर हुकमत असताना नाईकांनी गाठीचा मालक बदलला, वाट तीच ठेवली. सूत निघाले ते इचलकरंजी-सोलापूरकडे. वऱ्हाडातही सहकारी सूतगिरण्या निघाल्या, काही चालल्या, बऱ्याच कुलपात गेल्या. पण खरेदी एका खात्याची आणि सूत दुसऱ्याच्या मर्जीचे, अशी फारकत राहिली. दिल्लीचे परवाने आड आले, हे उत्तर पुरेसे नाही. साखर कारखान्यांनाही परवाने दिल्लीहूनच येत होते आणि ते खोऱ्याखोऱ्यांत आले. उसावर प्रक्रिया करणारा कारखाना शेतकऱ्याचा असू शकतो, हे ज्या राज्याला पटले होते त्याला कापसाच्या बाबतीत ते सुचू नये?

याचा पुरावा अकोल्यातच पडून आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई १७० किलोच्या गाठींत बांधून बाहेर गेली. सरकी गावात राहिली, तिचे तेल निघाले, ढेप झाली. आज देशाच्या वायदेबाजारात सरकी ढेपेच्या सौद्याला मूळ केंद्र म्हणून अकोल्याचे नाव आहे. जे गावात शिजले त्याचा भाव गाव ठरवते. जे बाहेर गेले त्याचा भाव टीव्हीवर पाहते. जिनातल्या कापूस वाहणाऱ्या बाया, हमाल, मापारी यांना एकाधिकारात जागाच नव्हती. कास्तकाराला भाव आणि कामगाराला काहीच नाही, अशी वाटणी कायद्याने केली, म्हणून त्या घरातले दोन भाऊ आज दोन नाईक सांगतात. धाकट्याची तक्रार खरी आहे, तिचा पत्ता तेवढा चुकला आहे. एकाधिकार आला म्हणून त्याचा रोजगार गेला असे नाही. तो अर्ध्यावर सोडला गेला म्हणून त्याला नवा मिळाला नाही.

हे उकरण्याचे कारण नांदगाव पेठला आहे. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. सूत ते कापड, सगळे एका ठिकाणी. कल्पना मला पसंत आहे, नाईकांनी सोडलेली वाट तीच आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले, नेमके इथला कापूस बोंडात असताना. पार्कमधल्या गिरणीने परदेशी रुई आणली तर तिला कोण अडवणार? वऱ्हाडचा कापूस किती टक्के लागेल, शेतकऱ्यांच्या कंपन्यांना आत भाग मिळेल का, बंद फिनलेच्या माहीतगार हातांना तिथे काम मिळेल की बाहेरून ठेकेदार येतील, हे पार्कच्या अटींत लिहून घ्यायला आमदार-खासदारांना पन्नास वर्षे थांबण्याची गरज नाही. अटी अजून बदलता येतात. अचलपूरच्या कामगारांची यादी महामंडळाकडे आहे, कापसाचा पेरा कृषी खात्याकडे आहे. दोन्ही कागद एका टेबलावर आणायचे आहेत.