माया असेल, तर चालवा

दुरुस्तीच्या दुकानात जुनी सायकल नेली की एक सल्ला ठरलेला असतो. "काका, हिच्यावर कशाला खर्च करताय? यात थोडे पैसे घाला आणि नवी घेऊन टाका." सांगणारा मुलगा आपल्या भल्याचंच सांगत असतो. घरातही सूर तोच : "किती वर्षं जागा अडवून बसली आहे, द्या की भंगारात!" दोघांनाही उत्तर न देता आपण सायकल पुन्हा जिन्याखाली लावून टाकतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांत, जिन्यांखाली आणि मीटरच्या पेट्यांशेजारी अशा कितीतरी सायकली उभ्या आहेत. विकवत नाहीत आणि चालवल्याही जात नाहीत. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

माझ्याकडची सायकल अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. काळी हर्क्युलस. नाव मूळचं बर्मिंगहॅमचं, पण ही सायकल मद्रासजवळच्या अंबत्तूरच्या कारखान्यात तयार झालेली. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सुटीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि त्यात अण्णांना ओळखायचं ते हबभोवतीच्या रंगीत झुपकेदार कड्यावरून. ते कडं नुसतं शोभेचं नव्हतं. चाक फिरलं की ते हबवर घासलं जायचं आणि हब आपोआप पुसला जायचा.

पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवायचे. आमच्या घरातलं पहिलं वाहन हेच, आणि बरीच वर्षं एकमेव. कॅरिअरवर दळणाचा डबा, हँडलला भाजीची पिशवी आणि पुढच्या नळीवर मी. पुढे त्याच नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत मी सायकल शिकलो. अण्णा गेल्यावर त्यांचे कपडे, चष्मा, कागदपत्रं यांचं काय करायचं ते ठरलं. सायकलीचा विषय कुणी काढलाच नाही. ती माझ्याकडे आली.

या सायकलीचा खरा गुण मला ती उघडल्यावर कळला. दुकानात उभं राहून ओव्हरहॉलिंग पाहणं हा एक धडाच असतो. पायडलची दांडी अॅक्सलला धरून ठेवणारी एक छोटी पाचर असते, तिला कॉटर म्हणतात. ती ढिली झाली की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला पायाखाली 'टक्' असा हिसका बसतो. आमचे मिस्त्री नवा कॉटर घेतात, कानशीने त्याची सपाट बाजू थोडी घासतात, बसवून बघतात, काढतात, पुन्हा घासतात. मनासारखा बसला की हातोडीचे दोन ठोके आणि वर नट. मग हब उघडतात. मागच्या हबातून काळं पडलेलं ग्रीस आणि दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ छर्रे बाहेर येतात. रॉकेलमध्ये धुतलेले छर्रे ते उजेडात एकेक करून बघतात. खड्डा पडलेला एक जरी दिसला तरी सगळा संच बदलतात. शेवटी चाकाचा आऊट काढायचा : रिम फिरवत राहायचं आणि आरे कमीजास्त ताणत चाक सरळ करायचं.

यातला कुठलाच भाग दुर्मीळ नाही. दांडीच्या काळ्या सायकली आपल्याकडे आजही बनतात, त्यामुळे टायर, ट्यूब, चेन, कॉटर, ब्रेकचे रबर सगळं मिळतं आणि परवडतं. टायर किती वेळा बदलले असतील याची तर गणतीच नाही. सीट, चेन, पायडलं, मडगार्ड हेही अण्णांच्या वेळचं राहिलेलं नाही. फ्रेम, चिमटा आणि हँडल तेवढे मूळचे आहेत. तरी ती अण्णांचीच सायकल आहे, कारण ती कधी बंद पडू दिलेली नाही. जी वस्तू तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होते, ती दोन पिढ्या सोबत करते.

आता दुसरी बाजू. मी नवी सायकलही घेतली आहे, आणि तीही मनापासून.

कारण अण्णांचं पुणं आता राहिलेलं नाही. पेठांतून खडकीला जाणं हा तेव्हा लांबचा पल्ला वाटायचा. आता वारज्याचा माणूस बाणेरला कामाला जातो. चांदणी चौकाचा चढ, उड्डाणपूल, मागून येणाऱ्या गाड्यांचा वेग, हे सगळं त्या सायकलीच्या हिशेबात नव्हतं. अण्णांच्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ही चाल राजेशाही वाटते, पण चढावर तोच हिशेब गुडघ्यांवर येतो. नव्या सायकलीच्या सगळ्यात हलक्या गियरला पुढे 28 आणि मागे 34 दाते आहेत. एका फेऱ्यात ती जेमतेम पावणेदोन मीटर जाते. वेग कमी होतो, पण न उतरता चढ पार होतो. साठीकडे झुकलेल्या माणसाला सायकलवर टिकवून ठेवणारी ही गोष्ट आहे.

ब्रेकचंही तसंच. जुन्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात. रबर पोलादी रिमला आतून घासतं. पाऊस लागला की ओली, चकचकीत रिम रबराला दाद देत नाही आणि सायकल अपेक्षेपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते. रस्त्यावर सायकलीच सायकली होत्या तेव्हा हे चालून जायचं. आज पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला तर चालत नाही. म्हणून पावसाळ्यात मी डिस्क ब्रेकवाली नवी सायकलच काढतो. अण्णांची सायकल आठवड्याच्या बाजाराला, बँकेत, वाचनालयात जाते. ताठ बसून, सावकाश. मंडईतून नारळ आणि कलिंगडं आणायची असली तर नव्या सायकलीचं कामच नाही. तिथे ते पोलादी कॅरिअरच हवं.

नवी घेतली म्हणजे जुनीशी बेइमानी झाली, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. अण्णांनी ही सायकल जपली ती तिच्यावर संसार चालायचा म्हणून. तिच्यावर बसून ते कामावर गेले, आम्हाला शाळेत सोडलं, पाहुण्यांना स्टँडवर पोचवलं. तिच्यातला जिव्हाळा आला तो या वापरातून. तीच सायकल टायर बसलेल्या अवस्थेत, चेन गंजलेली, सीटवर जुने पेपर रचलेले अशी उभी करून ठेवायची आणि त्याला आठवण म्हणायचं, हे अण्णांना मुळीच आवडलं नसतं. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभ्या केलेल्या सायकलींच्या संग्रहालयात जरूर जा. जुन्या सायकलीला मान देणं किती कष्टाचं काम आहे, ते तिथे समजतं. तेवढी निगा आपल्या हातून होणार नसेल, तर जिन्याखालच्या कोपऱ्याला संग्रहालय म्हणू नये.

2018 साली संयुक्त राष्ट्रांनी 3 जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. दोन वर्षांनी, 2020 च्या 3 जूनला अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याच्या फाटकावर काम बंद झाल्याची नोटीस लागली. 1951 पासून सायकली बनवणारं हे नाव. ती बातमी वाचून हळहळणारे आपण सगळेच होतो. पण घरातली सायकल चालवणारे आपल्यातले किती होते?

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जिन्याखालची सायकल बाहेर काढा आणि चांगल्या मिस्त्रीला दाखवा. फ्रेमला किंवा चिमट्याला तडा असेल, तर कितीही माया असली तरी ती रस्त्यावर आणू नका. फ्रेम धड असेल, तर ओव्हरहॉलिंग करून घ्या आणि जवळच्या कामांना तिच्यावरून जा. गुडघे किंवा रस्ता साथ देत नसेल, तर नवी गियरची सायकल बिनदिक्कत घ्या. आणि दोन सायकली ठेवणं जमत नसेल, तर जुनी नीट दुरुस्त करून अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला उद्या सकाळी तिच्यावर बसून कामावर जायचं आहे. आपल्या वडिलांची सायकल कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे, याहून तिचा मोठा मान नाही.