सायकलस्वाराचा चष्मा
शर्यतीसाठी उन्हाचा चष्मा घ्यावयाचा म्हणजे खिशाला मोठी कात्री, असे आपणांस वाटत असेल, तर ती भीती सोडून द्या. मात्र भिंग जितके काळे तितके डोळ्यांचे रक्षण अधिक, ही समजूतही सोडावयास हवी. काळ्या भिंगाआड डोळ्यातील बाहुली विस्फारते. भिंगात अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल, तर ते अधिकच आत शिरतात. म्हणून रंगाआधी ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविले जातात, असा तिचा अर्थ. किरण मोजण्याचे यंत्र दुकानात असल्यास खात्रीही करून घ्यावी.

भिंग पॉलिकार्बोनेटचे घ्यावे. ते हलके असते आणि आघाताने काचेसारखे फुटत नाही. भरधाव उतारावर एखादे चिलट डोळ्यात गेले, तरी तोल जातो. म्हणून चौकट डोळ्यांच्या कडांपर्यंत वळलेली असावी. घामाची वाफ भिंगावर धरू नये, यासाठी थोडी हवाही खेळावयास हवी.

शेवटची परीक्षा दुकानातच घ्या. चष्मा लावून, हँडलवर वाकल्याप्रमाणे मान झुकवा आणि समोर पाहा. वरची कड दृष्टीआड येत असेल, तर तो चष्मा, कितीही स्वस्त असो, परत ठेवा.