अदलाबदलीचं गणित आणि कोस्ती गाव

फाळणीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : लोकसंख्येची अदलाबदल पुरती झाली असती तर पुढचे सगळे तंटे मिटले असते. पाठोपाठ डॉ. आंबेडकरांचा दाखला येतो. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचं उदाहरण दिलं होतं. त्या लहान देशांना जे जमलं ते आपल्याला का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. बाबासाहेब रक्तपात टाळायची वाट शोधत होते, आणि १९४० च्या पलीकडचं त्यांना दिसणं शक्य नव्हतं. आपल्याला ते दिसलेलं आहे. तेव्हा आज तोच दाखला देणाऱ्यांनी निदान एका बल्गेरियन गावाची हकीकत ऐकावी.

गावाचं नाव कोस्ती. काळ्या समुद्राजवळ, स्त्रांजाच्या डोंगरात, वेलेका नदीकाठी ते वसलं आहे. बाल्कन युद्धांपूर्वी ते ऑटोमन साम्राज्यात होतं आणि वस्ती ग्रीकांची होती. १९१३ मध्ये सीमा सरकली, गाव बल्गेरियात आलं. पुढच्या काही वर्षांत ग्रीक निघून गेले आणि त्या घरांत पूर्व थ्रेसमधून हाकलले गेलेले बल्गेरियन निर्वासित आले. १९१३ च्या उन्हाळ्यात ऑटोमन फौजांनी एदिर्ने परत घेतल्यावर त्यांची गावं उद्ध्वस्त झाली होती. म्हणजे घर गमावलेल्यांना घर मिळालं, पण ते घर गमावलेल्या दुसऱ्याच कुणाचं होतं.

संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या सणाला निखाऱ्यांवरून अनवाणी नाचायची या मुलखात परंपरा आहे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेतलं धोंडांचं अग्निदिव्य पाहिलेल्या गोंयकाराला ती वेगळी समजावून सांगायला नको. कोस्ती हे तिचं मोठं केंद्र होतं. ग्रीक निघाले तेव्हा त्यांनी संतांच्या मूर्तिचित्रांना सोबत घेतलं. तिसवाडी-सासष्टीहून देव उचलून अंत्रुजात नेलेल्या लोकांचे आपण वंशज. देव घेऊन निघणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. ती मंडळी ग्रीसमध्ये लांगादास, सेरेसजवळचं आयिया एलेनी अशा गावांत विखुरली. तिथल्या चर्चला हा प्रकार मान्य नव्हता, म्हणून कित्येक वर्षं तो चोरून चालला.

आज ग्रीसमध्ये हा सण २१ मे रोजी होतो आणि बल्गेरियात, जुन्या पंचांगाप्रमाणे, ३ जूनला. संत तेच, निखारेही तेच. मधे तेरा दिवस आणि एक सरहद्द. २००९ मध्ये युनेस्कोने ही परंपरा वारसा यादीत घातली ती बल्गेरियाच्या बल्गारी गावाच्या नावाने. बल्गारीने ती जपली, त्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं. पण कोस्तीचे ग्रीक त्या नोंदीत कुठे बसतात?

आता अदलाबदलीच्या कागदांकडे बघू. नोव्हेंबर १९१३ मध्ये बल्गेरिया आणि ऑटोमन सरकारने सीमेलगतच्या पंधरा किलोमीटर पट्ट्यातली लोकसंख्या आपापसांत बदलायचं ठरवलं. सुमारे ४८ हजार मुसलमान आणि ४६ हजार बल्गेरियन. यातले बहुतेक लोक आधीच जीव मुठीत धरून पळालेले होते. कागद मागून आला. १९१९ मध्ये ग्रीस आणि बल्गेरियात करार झाला, त्याचं नाव 'ऐच्छिक' स्थलांतराचा करार. लोकांना आधी भीतीने पळवायचं आणि नंतर त्या पळण्याला करार म्हणायचं, याला सुव्यवस्थित अदलाबदल म्हणतात काय?

कुणी म्हणेल, पण शेवटी बल्गेरियाने या लोकांना वसवलंच ना? वसवलं. १९२६ मध्ये राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने परदेशी कर्ज उभं राहिलं, जमिनी दिल्या, घरं बांधली. ते काम खरंच मोठं होतं. पण मुद्दा पुनर्वसनाचा नाही. मुद्दा आहे 'तंटे मिटले' या दाव्याचा. १९४१ मध्ये बल्गेरियन फौज सेरेस परिसरात शिरली आणि १९४४ पर्यंत राहिली. कोस्तीतून उठून तिथे गेलेल्यांच्या दारात पुन्हा तीच सत्ता उभी राहिली. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियाने आपल्या तुर्की नागरिकांची नावं सक्तीने बदलली, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्क देश सोडून गेले. पहिल्या अदलाबदलीनंतर पाऊणशे वर्षांनी! माणसं हलवून प्रश्न सुटतो हे एकदा सरकारला पटलं की ते पुन्हा पुन्हा तेच करतं. शिल्लक राहिलेला प्रत्येक माणूस त्याला अपुरं राहिलेलं काम वाटू लागतो.

दुसरं नुकसान आठवणीचं. थ्रेसच्या निर्वासितांची नातवंडं आजोबांच्या हरवलेल्या गावासाठी हळहळतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावात बसून हळहळतात, तेही कुणाच्या तरी आजोबांचं होतं. गावाचा इतिहास आले त्यांच्यापासून सुरू करायचा की गेले त्यांच्यापासून, हा प्रश्न टाळून लिहिलेलं कुठलंही ग्रामचरित्र अर्धंच राहणार.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी बल्गेरियाचा दाखला दिला, तर त्याला कोस्तीबद्दल विचारा. तिथून कोण गेलं, कुठून कोण आलं, आणि १९८९ मध्ये पुन्हा गाठोडी का बांधावी लागली, याची उत्तरं त्याने आधी द्यावीत. मग अदलाबदलीचं गणित मांडावं.